प्रोबेट चालू असताना लाभार्थ्यांना मिळकतीचा काही भाग देणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृत्युपत्र सापडते, दिवसकार्य आटोपते आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो असा की सगळे संपेपर्यंत थांबायचे, की ज्याला जे लिहून ठेवले आहे त्यातले काही आत्ताच देऊन टाकायचे. या एका प्रश्नाची अनेक रूपे आमच्याकडे पुन्हा पुन्हा येत असतात आणि त्यांतली बहुतेक येथे एकत्र केली आहेत. उत्तरे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या चौकटीत दिली असून कलमांचे क्रमांक, वेगळा उल्लेख नसेल तेथे, त्याच कायद्याचे आहेत. अंशतः वाटप कायद्याला मान्य आहे. मात्र दिलेले पुढे कमी पडले तर ते कोणाच्या खिशातून भरून निघणार, हे देण्याआधीच ठरवलेले असावे.

१. प्रोबेट म्हणजे काय, आणि "प्रोबेट चालू असताना" म्हणजे नेमका कोणता काळ?

प्रोबेट म्हणजे सक्षम न्यायालयाने आपल्या शिक्क्यानिशी प्रमाणित केलेली मृत्युपत्राची प्रत आणि तिच्यासोबत एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यातच नेमलेल्या व्यक्तीला) मिळालेला मिळकतीच्या व्यवस्थेचा अधिकार. मृत्युपत्र खरे आहे की नाही एवढेच न्यायालय यात पाहते. एखादा फ्लॅट मृत व्यक्तीच्या मालकीचा होता की नव्हता, हा वाद त्यात सुटत नाही.

बोलताना लोक दोन वेगळ्या टप्प्यांना एकच नाव देतात. पहिला टप्पा अर्ज दाखल केल्यापासून प्रोबेट हातात पडेपर्यंतचा आणि दुसरा त्यानंतर देणी फेडून शेवटचा हिशेब पूर्ण होईपर्यंतचा. अंशतः वाटपाचा प्रश्न दोन्ही टप्प्यांत येतो, परंतु धोका सारखा नसतो. पहिल्या टप्प्यात मृत्युपत्रच टिकेल की नाही ही शंका असते, तर दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांना पुरेल एवढी मिळकत आहे की नाही, ही.

२. प्रोबेट आता सक्तीचे राहिले नाही असे ऐकले. मग हे सगळे आम्हाला लागू आहे का?

पूर्वी कलम ५७ आणि २१३ एकत्र वाचले की हिंदू, बौद्ध, शीख व जैन व्यक्तींनी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या जुन्या इलाख्यांच्या ठरावीक हद्दींत केलेल्या, किंवा त्या हद्दींतील स्थावर मिळकतीविषयीच्या, मृत्युपत्रांना प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क शाबीत करता येत नसे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे कलम २१३ वगळले. त्यामुळे सक्ती गेली, प्रोबेटची सोय मात्र कायम आहे. वारसांत वाद असेल, मृत्युपत्रावर आक्षेप येण्याची चिन्हे असतील किंवा मिळकत मोठी असेल, तर लोक यापुढेही प्रोबेट घेतील, आणि आमच्या मते त्यांनी ते घ्यावे.

शिवाय देण्यांचा क्रम, लाभ (मृत्युपत्राने दिलेली वस्तू किंवा रक्कम) कमी होण्याचे नियम आणि परतावा (दिलेला लाभ परत घेणे) यांविषयीची तरतूद कलम २१३ मध्ये कधी नव्हतीच. ती पुढच्या कलमांत आहे आणि एक्झिक्युटरची जबाबदारी तिच्यावरून ठरते.

३. प्रोबेट मिळण्याआधी एक्झिक्युटर लाभार्थ्याला काही देऊ शकतो का?

होय. एक्झिक्युटरचा अधिकार न्यायालयाकडून नव्हे, मृत्युपत्राकडून येतो. कलम २११ नुसार मृत व्यक्तीची मिळकत एक्झिक्युटर या नात्याने त्याच्याकडे निहित होते आणि कलम २२७ नुसार प्रोबेट मिळाले की मृत्युपत्र मृत्यूच्या क्षणापासून सिद्ध झाले असे मानले जाऊन एक्झिक्युटरने मधल्या काळात त्या नात्याने केलेली कृत्येही वैध ठरतात.

तरीही अधिकार आहे म्हणून तो वापरावाच असे नाही. प्रोबेट नाकारले गेले किंवा नंतरचे दुसरे मृत्युपत्र निघाले, तर हे संरक्षण नाहीसे होते. म्हणून प्रोबेटपूर्वीचे वाटप भावनिक मोल मोठे आणि पैशातले मोल किरकोळ अशा वस्तूंपुरतेच ठेवावे. कपडे, पुस्तके, देवघरातल्या मूर्ती, फोटो यांबाबत सहसा कोणी न्यायालयात जात नाही. दागिन्यांचे तसे नाही.

व्यवहारात बँका आणि गृहनिर्माण संस्था प्रोबेटची प्रत पाहिल्याशिवाय हालचाल करायला तयार नसतात, त्यामुळे मोठ्या रकमेचा प्रश्न पुष्कळदा आपोआपच पुढे ढकलला जातो.

४. मृत्युपत्र नाही आणि आम्ही मिळकतीची व्यवस्था पाहण्याच्या न्यायालयीन अधिकारपत्रासाठी, म्हणजे लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनसाठी अर्ज केला आहे. तेव्हाही हेच लागू होते का?

नाही, आणि येथे बरीच कुटुंबे फसतात. मृत्युपत्राशिवाय नेमल्या जाणाऱ्या प्रशासकाला अधिकार मिळतो तो न्यायालयाच्या आदेशाने. आदेश मिळाल्यावर तो मृत्यूनंतरच्या क्षणापासून असल्यासारखा मानला जातो हे खरे, परंतु मिळकत घटवणारी किंवा तिचे नुकसान करणारी मधली कृत्ये त्यामुळे वैध होत नाहीत, असे कलम २२१ सांगते. आदेशापूर्वी केलेले वाटप नेमके याच कलमात अडकू शकते.

याखेरीज, अधिकार नसताना मृत व्यक्तीच्या मिळकतीत हात घालणारा माणूस कलम ३०३ नुसार स्वतःच्या चुकीने झालेला एक्झिक्युटर ठरतो आणि त्याने घेतलेल्या मालमत्तेपुरता धनकोंना (मृत व्यक्तीकडून ज्यांचे येणे आहे त्यांना) व लाभार्थ्यांना उत्तर द्यायला बांधील होतो. अंत्यविधी, मालाचे रक्षण आणि कुटुंबाच्या किंवा मिळकतीच्या तातडीच्या गरजा यांसाठी केलेली कृती यातून वगळलेली आहे.

५. मृत्युपत्रात माझ्या नावे रक्कम लिहिली आहे. ती मी लगेच मागू शकते का?

मागता येईल, पण सक्ती करता येणार नाही. मृत्युपत्रकर्त्याच्या मृत्यूपासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणताही लाभ देण्यास एक्झिक्युटर बांधील नाही, असे कलम ३३७ म्हणते. मृत्युपत्रातच "सहा महिन्यांत द्यावे" असे लिहिलेले असले, तरीही हा एक वर्षाचा अवधी एक्झिक्युटरला मिळतो. मात्र देण्यास बांधील नसणे म्हणजे देण्यास मनाई असणे नव्हे. त्या वर्षात तो स्वतःच्या जबाबदारीवर देऊ शकतो.

ठरावीक मुदत न घातलेल्या रोख लाभावर वर्ष उलटल्यानंतर व्याज सुरू होते. मृत्युपत्रकर्ता हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तर कलम ३५३ नुसार हा दर वर्षाला ६ टक्के आहे, अन्यथा ४ टक्के. आई, वडील किंवा त्यांच्याही वरच्या पिढीतील पूर्वजाने आपल्या अपत्याला वा वंशजाला रक्कम ठेवली असेल, तर व्याज मृत्यूच्या दिवसापासूनच धरले जाते. हा अपवाद आपल्याकडच्या बहुसंख्य मृत्युपत्रांना लागू पडतो आणि तरीही हिशेबात क्वचितच दिसतो. मुलांच्या रकमा अंशतः आधी देऊन टाकण्यामागे व्याजाचा भार कमी करणे हेही एक रास्त कारण असू शकते.

६. वाटपाआधी कोणती देणी फेडावी लागतात?

कलम ३२५ चा नियम निःसंदिग्ध आहे : सर्व प्रकारची कर्जे व देणी आधी, कोणताही लाभ नंतर. देण्यांमध्येही क्रम आहे. प्रथम अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, ज्यात वैद्यकीय शुल्क आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्याजेवणाचा खर्च येतो. त्यानंतर प्रोबेट मिळवण्याचा व त्या अनुषंगाने न्यायालयात झालेला खर्च. मग मजूर, कारागीर किंवा घरकाम करणारी व्यक्ती यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील कामाची मजुरी. आणि शेवटी इतर देणी, जी समान व प्रमाणशीर रीतीने फेडायची असतात.

यादी करताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे मृत व्यक्तीने कोणासाठी तरी दिलेला जामीन, दुसरी म्हणजे मागच्या वर्षांची प्रलंबित कर आकारणी. दोन्ही आज शून्य दिसतात आणि उद्या मोठ्या होतात. मिळकतीवर अशी संभाव्य देणी असतील तर पुरेशी हमी घेतल्याशिवाय कोणताही लाभ देण्यास एक्झिक्युटर बांधील नाही, अशी तरतूद कलम ३२६ मध्ये आहे, आणि लाभार्थी कितीही जवळचा असला तरी तिचा वापर करायला संकोच बाळगू नये.

७. मग आधी काय द्यावे आणि काय मागे ठेवावे?

मृत्युपत्रातले लाभ साधारणतः तीन प्रकारचे असतात आणि त्यांची सुरक्षितता सारखी नसते.

पहिला प्रकार नेमक्या वस्तूचा : "माझ्या मोत्याच्या बांगड्या धाकट्या सुनेला", "अमुक कंपनीचे माझ्याकडे असलेले शेअर पुतण्याला". बाकीची मिळकत देणी फेडायला पुरत असेल, तर इतरांच्या रकमा कमी पडल्या म्हणून या वस्तूला कात्री लागत नाही, हे कलम ३२८ सांगते. त्यामुळे देणी आणि खर्च भागतील याची खात्री झाली की नेमकी वस्तू सर्वात आधी देता येते. तसे केल्याने ती सांभाळण्याचा, तिच्या विम्याचा आणि हरवण्याचा घोरही एक्झिक्युटरच्या डोक्यावरून जातो. वस्तूपासून मृत्यूनंतर मिळणारे निव्वळ उत्पन्न तसेही त्या लाभार्थ्याचेच असते.

दुसरा प्रकार रोख रकमांचा : "भाचीला दहा लाख". या रकमा कोणत्या खात्यातून द्यायच्या हे सांगितलेले नसते आणि मिळकत अपुरी पडली की त्या सगळ्या सारख्या प्रमाणात घटतात. म्हणून त्यांच्यातून अंशतः द्यायचे ते सर्वांना एकाच टक्केवारीने. याचे कारण प्रश्न ८ मध्ये आकड्यांसह दिले आहे.

तिसरा प्रकार "उरलेले सर्व" मिळणाऱ्याचा. कलम ३६६ नुसार त्याच्या वाट्याला देणी व इतर लाभ दिल्यानंतरची शिल्लक येते. ही शिल्लक म्हणजेच एक्झिक्युटरची खरी राखीव रक्कम असते, त्यामुळे तिच्यातून आगाऊ देण्याची घाई सर्वात कमी असावी. गंमत अशी की "उरलेले सर्व" बहुधा घरातल्या सर्वात जवळच्या व्यक्तीला लिहिलेले असते आणि सर्वात आधी पैसे मागणारीही तीच असते.

किती मागे ठेवावे याचा आकडा कायद्याने ठरवून दिलेला नाही. ज्ञात देणी, अपेक्षित कर, न्यायालयीन खर्च, स्थावर मिळकतीचा वर्षभराचा देखभाल खर्च आणि व्याज यांची बेरीज करावी, शेअरसारख्या मालमत्तेची किंमत आजच्या भावापेक्षा बरीच कमी धरावी आणि तरीही जे उघड शिल्लक दिसेल त्याचाच एक भाग वाटावा. वादग्रस्त मालकीची मिळकत या बेरजेत मुळीच धरू नये.

८. एका लाभार्थ्याला शस्त्रक्रियेसाठी पैशांची निकड आहे. त्याची रक्कम आधी पूर्ण दिली तर काय बिघडते?

निकड खरी असली तरी कलम ३२७ एका रोख लाभार्थ्याला दुसऱ्याच्या आधी पसंती देण्याचा अधिकार एक्झिक्युटरला देत नाही. समजा, तीन व्यक्तींना अनुक्रमे २० लाख, २० लाख आणि १० लाख रुपये लिहिले आहेत, म्हणजे एकूण ५० लाख. देणी फेडल्यावर हाती ४० लाखच राहिले. मग प्रत्येकाला ८० टक्के मिळायला हवेत : १६ लाख, १६ लाख आणि ८ लाख. पण पहिल्याला आधीच पूर्ण २० लाख दिलेले असतील, तर उरलेल्या २० लाखांतून इतर दोघांचे २४ लाख भागत नाहीत आणि चार लाखांची तूट पडते.

ही तूट एक्झिक्युटर पहिल्याकडून वसूल करू शकत नाही. कारण कलम ३५७ म्हणते की स्वेच्छेने दिलेला लाभ, मिळकत सर्वांना अपुरी पडली तरी, एक्झिक्युटरला परत मागता येत नाही. इतर दोघे मात्र एक्झिक्युटरला जाब विचारू शकतात, आणि मिळकतीचा गैरवापर किंवा तिचे नुकसान केल्यास ते भरून देण्याची जबाबदारी कलम ३६८ त्याच्यावर टाकते.

यावर मार्ग आहे. इतर सर्व लाभार्थ्यांची लेखी संमती घ्यावी, त्या संमतीत तूट पडल्यास ती कोण सोसणार हे स्पष्ट लिहावे आणि मगच जास्तीची रक्कम द्यावी. संमती मिळत नसेल तर सर्वांना सारख्या टक्क्याने हप्ता द्यावा आणि निकड असलेल्याची उरलेली गरज कुटुंबाने आपापसात उसनवारीने भागवावी. ती उसनवारी मिळकतीच्या हिशेबाबाहेर राहते, आणि तिने तेथेच राहावे.

९. जास्त दिले गेले, तर ते परत कोण मागू शकतो?

मागणारा कोण आहे यावर उत्तर बदलते. एक्झिक्युटरने न्यायालयाच्या आदेशाने लाभ दिला असेल, तर मिळकत अपुरी पडल्यास तो परतावा मागू शकतो (कलम ३५६). स्वेच्छेने दिला असेल तर नाही, हे वर आलेच आहे.

धनकोची स्थिती सर्वात भक्कम आहे. ज्याचे देणे फिटलेले नाही असा धनको, लाभ स्वेच्छेने दिलेला असो वा नसो, आणि मृत्यूच्या वेळी मिळकत पुरेशी असो वा नसो, लाभार्थ्याकडून परतावा मागू शकतो (कलम ३६१). "मला तर दोन वर्षांपूर्वीच मिळाले" हे त्यावर उत्तर होत नाही.

ज्याला काहीच मिळाले नाही अशा लाभार्थ्याची वाट मात्र लांबची आहे. मृत्यूच्या वेळी मिळकत पुरेशी होती आणि नंतर एक्झिक्युटरने ती उधळली, तर पूर्ण रक्कम मिळालेल्या लाभार्थ्याकडून त्याला काही मागता येत नाही. मिळकत मुळातच अपुरी असेल, तर त्याने प्रथम एक्झिक्युटरवर दावा करावा लागतो आणि एक्झिक्युटर नादार असेल किंवा जबाबदार नसेल, तरच तो इतरांकडे वळू शकतो. तेव्हाही परतावा, योग्य वाटप झाले असते तर ज्याचा लाभ जेवढा घटला असता, तेवढ्यापुरताच मर्यादित असतो आणि त्यावर व्याज लागत नाही.

१०. एक्झिक्युटरला स्वतःचे संरक्षण करून घेण्याचा काही कायदेशीर उपाय आहे का?

आहे, आणि आमच्या मते तो पुरेसा वापरला जात नाही. उच्च न्यायालयाच्या नियमांत ठरवून दिलेल्या पद्धतीने धनको व इतर दावेदारांना नोटीस द्यायची, त्यातली मुदत संपू द्यायची आणि मग ज्ञात दावे लक्षात घेऊन वाटप करायचे, असा मार्ग कलम ३६० मध्ये आहे. वाटपाच्या वेळी ज्याच्या दाव्याची माहिती नव्हती, त्याच्यासाठी एक्झिक्युटर वाटलेल्या मिळकतीपुरता जबाबदार राहत नाही. धनको लाभार्थ्यांच्या हातात गेलेल्या मालमत्तेचा माग काढू शकतो, तो हक्क शाबूत राहतो.

म्हणून नोटिशीची मुदत संपण्यापूर्वीचे अंशतः वाटप आणि नंतरचे अंशतः वाटप यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. थोडे थांबता येत असेल तर येथे थांबावे.

११. वस्तू लाभार्थ्याच्या ताब्यातच आहे. तरी एक्झिक्युटरने काही करायला हवे का?

होय. लाभार्थ्याचा हक्क पूर्ण होण्यासाठी एक्झिक्युटरची संमती लागते (कलम ३३२). ती तोंडी असू शकते, स्पष्ट शब्दांत असू शकते किंवा वागणुकीवरून गृहीत धरली जाऊ शकते. ती सशर्तही असू शकते. "या गाडीचे उरलेले हप्ते तू फेडलेस तर माझी संमती" असे म्हणता येते. संमती दिली की त्या वस्तूवरचा एक्झिक्युटर म्हणून असलेला हक्क संपतो आणि लाभ मृत्यूच्या दिवसापासून लागू होतो.

तोंडी संमती चालते म्हणून तोंडीच ठेवू नये. शिवाय वागणुकीतून संमती निघू शकते, हे उलट बाजूनेही लक्षात ठेवावे. लाभार्थ्याला फ्लॅटची किल्ली देऊन वर्षभर देखभाल खर्च भरू दिला आणि नंतर "मी तर फक्त राहायला दिले होते" असे म्हटले, तर ते पटवून देणे अवघड जाते.

१२. अंशतः रक्कम देताना कोणते कागद करून घ्यावेत?

पावती हवीच, आणि तिच्यात "माझ्या लाभापोटी अंशतः मिळाले" हे शब्द, मूळ लाभाचा आकडा व उरलेला आकडा हवा. सोबत लाभार्थ्याचे हमीपत्र घ्यावे, ज्यात देणी किंवा कर निघाल्यास आपण मिळालेल्या रकमेच्या मर्यादेत परतावा देऊ, असे तो लिहून देतो. कलम ३५७ ने एक्झिक्युटरचा जो हात बांधलेला आहे, तो काही अंशी मोकळा करण्याचे काम हे हमीपत्र करते. पैसे बँकेमार्फतच द्यावेत. सर्व लाभार्थ्यांना एकाच दिवशी एकसारखे पत्र पाठवून कोणाला किती दिले हे कळवावे. कुजबुज थांबवायला त्याहून स्वस्त उपाय नाही.

१३. कॅव्हेट (प्रोबेटविरुद्धचा लेखी आक्षेप) दाखल झाले आहे. आता काही देता येईल का?

आमचे उत्तर आहे, नाही. आक्षेप आला की प्रोबेटचा अर्ज दाव्याचे रूप घेतो (कलम २९५) आणि मृत्युपत्राची वैधताच पणाला लागते. दावा प्रलंबित असताना न्यायालय कलम २४७ खाली तात्पुरता प्रशासक नेमू शकते आणि त्याला सर्वसाधारण प्रशासकाचे बाकी सगळे अधिकार असतात, फक्त मिळकत वाटण्याचा अधिकार नसतो. न्यायालयाने स्वतः नेमलेल्या माणसाला जे करू दिले जात नाही, ते वादात सापडलेल्या एक्झिक्युटरने परस्पर केले, तर न्यायाधीशांना ते कसे दिसेल याचा विचार करावा. देखभाल, कर आणि विमा यांसारखे आवश्यक खर्च वेगळे. त्यांचा हिशेब ठेवून ते करावेत. सर्व पक्षांना एखाद्या रकमेबाबत आक्षेप नसेल, तर सहमतीची नोंद न्यायालयात करून आदेश घ्यावा. त्यामुळे एक्झिक्युटरला प्रश्न ९ मधील परताव्याचा हक्कही मिळतो.

१४. वडिलांची खाती अडकून पडली आहेत आणि आईचा घरखर्च चालायला हवा. तिला दरमहा रक्कम देता येईल का?

आई लाभार्थी असेल तर ही रक्कम तिच्या लाभापोटी अंशतः वाटप म्हणूनच नोंदवावी आणि देणी भागण्याइतकी मिळकत आहे याची आधी खात्री करावी. मृत्युपत्रात तिला काहीच लिहिलेले नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम २२ नुसार अवलंबितांचा निर्वाह मिळकत घेणाऱ्यांवर येतो, आणि विधवा पत्नी अवलंबितांत मोडते. मात्र त्याच कायद्याचे कलम २६ साधारणतः मृत व्यक्तीच्या देण्यांना निर्वाहाच्या आधी ठेवते. आईच्या खात्यावर किंवा संयुक्त खात्यावर आधीपासून पैसे असतील, तर प्रथम ते वापरावेत. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज पडत नाही.

१५. लाभार्थी अज्ञान (अल्पवयीन) आहे. त्याची रक्कम आईवडिलांच्या हाती दिली तर चालेल का?

मृत्युपत्रात तसे सांगितले असेल तर चालेल. सांगितलेले नसेल, तर कलम ३४८ नुसार ती रक्कम ज्या न्यायालयाने प्रोबेट दिले तेथे त्या अज्ञानाच्या नावे जमा करावी लागते, आणि तशी जमा केली की एक्झिक्युटर त्या रकमेपुरता मोकळा होतो. पालकांना थेट दिलेली रक्कम मूल सज्ञान झाल्यावर पुन्हा मागितली जाण्याची शक्यता उरते.

१६. बँकेने नॉमिनी म्हणून भावाला पैसे दिले. ते अंशतः वाटपात धरायचे का?

ते पैसे मिळाल्यामुळे भाऊ मालक झाला असे होत नाही. बँकेची जबाबदारी तेवढी संपते. शेअरच्या बाबतीतही नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बाजूला सरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ही रक्कम मिळकतीत परत मोजावी, आणि भाऊ स्वतःही लाभार्थी असेल तर त्याच्या वाट्यातून वजा धरावी.

आयुर्विमा थोडा वेगळा आहे. विमा कायद्यात २०१५ साली झालेल्या सुधारणेनंतर पालक, पती वा पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच मानली जाते. ती या हिशेबात आणू नये.

१७. मला लिहून दिलेल्या फ्लॅटवर गृहकर्ज आहे. कर्ज मिळकतीतून फिटल्यावरच फ्लॅट मिळेल का?

मृत्युपत्रातून वेगळा हेतू दिसत नसेल, तर नेमकी वस्तू स्वीकारणारा तिच्यावरचा बोजाही स्वीकारतो (कलम १६७). म्हणजे फ्लॅट लवकर मिळू शकेल, पण हप्ते तुमचे. फ्लॅट विकून रक्कम वाटायची असेल, तर एक्झिक्युटरला कलम ३०७ खाली तो अधिकार आहे, मृत्युपत्राने घातलेल्या निर्बंधांसह. प्रशासकाला मात्र स्थावर मिळकत विकण्यास, गहाण टाकण्यास किंवा पाच वर्षांपेक्षा अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.

१८. दोन एक्झिक्युटर आहेत आणि त्यांतला एक स्वतः लाभार्थी आहे. तो एकटाच वाटप करू शकतो का?

प्रोबेट दोघांनी घेतले असेल आणि मृत्युपत्रात विरुद्ध काही नसेल, तर कलम ३११ नुसार एकालाही सर्वांचे अधिकार वापरता येतात, लाभाला संमती देण्याचा सुद्धा. स्वतःच्या लाभालाही त्याची संमती लागते. पण कलम ३२७ त्याला इतरांच्या आधी स्वतःची रक्कम राखून घेऊ देत नाही. स्वतःला देताना दुसऱ्या एक्झिक्युटरची सही घ्यावी. कायद्याला ती लागत नसली, तरी पुढे उलटतपासणीत तिचा उपयोग होतो.

१९. अंशतः वाटप झाल्यावर प्राप्तिकर कोणाच्या नावे लागतो?

प्राप्तिकर कायदा, १९६१ मधील कलम १६८ च्या रचनेनुसार मृत्यूच्या दिवसापासून संपूर्ण वाटप होईपर्यंत मिळकतीच्या उत्पन्नावर एक्झिक्युटरच्या हाती, त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापासून वेगळी, आकारणी होते. एखाद्या विशिष्ट लाभार्थ्याला त्या वर्षात वाटलेले उत्पन्न एक्झिक्युटरच्या आकारणीतून वगळले जाऊन लाभार्थ्याच्या उत्पन्नात धरले जाते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने विवरणपत्र भरताना कलमाचा नवा क्रमांक पाहून घ्यावा. अंशतः वाटपाच्या पावतीवर मुद्दल किती आणि उत्पन्न किती हे वेगळे लिहिण्याची सवय येथे कामी येते.

२०. लाभार्थी परदेशी राहतो. त्याला अंशतः रक्कम पाठवता येते का?

रक्कम त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील रुपयांच्या खात्यात) जमा करावी. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेपोटी अनिवासी भारतीयाला तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम, कर भरून व कागदपत्रे देऊन, बाहेर नेता येते. परदेशातून परतावा वसूल करणे कठीण असल्यामुळे अशा लाभार्थ्याकडून प्रश्न १२ मधील हमीपत्र घेताना भारतातील एखादी जामीनदार व्यक्तीही घ्यावी.

२१. काही रक्कम मिळाल्यावर लाभार्थीच वारला. उरलेले कोणाला?

देण्याची मुदत न घालता साध्या शब्दांत दिलेला लाभ मृत्युपत्रकर्त्याच्या मृत्यूच्या दिवशीच लाभार्थ्याचा होतो आणि तो घेण्यापूर्वी तो वारल्यास त्याच्या प्रतिनिधींकडे जातो (कलम १०४). उरलेली रक्कम त्यांना द्यावी, घरातल्या इतर लाभार्थ्यांत वाटून टाकू नये. लाभ एखाद्या अटीवर अवलंबून असेल आणि ती अट पुरी झालेली नसेल, तर उत्तर बदलू शकते. अशा लाभातून आगाऊ काही देऊच नये.

२२. वर्ष उलटले, प्रोबेट मिळाले, तरी एक्झिक्युटर काहीच देत नाही आणि काही सांगतही नाही. काय करावे?

प्रथम हिशेब मागावा. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करणे, न्यायालयाने मुदत वाढवलेली नसेल तर, कलम ३१७ ने त्याच्यावर बंधनकारक केले आहे. न्यायालयातल्या नोंदी पाहिल्या तरी तो दाखल झाला आहे की नाही हे कळते. हिशेबात पुरेशी शिल्लक दिसत असेल, तर ती रक्कम व तुमच्या लाभाचा आकडा नमूद करून लेखी मागणी करावी आणि प्रश्न ५ मधील व्याजही मागावे.

तरीही काही घडले नाही, तर मिळकतीच्या व्यवस्थेबाबत एक्झिक्युटरला निर्देश द्यावेत असा अर्ज कलम ३०२ खाली उच्च न्यायालयात करता येतो, आणि अंशतः वाटपाचा निर्देश मागणे त्यात बसते. त्याला पदावरून दूर करण्याची तरतूद कलम ३०१ मध्ये आहे. नवा माणूस नेमून पुन्हा सुरुवात करण्यात आणखी काळ जातो, म्हणून आम्ही बहुधा आधी निर्देशांचा अर्ज सुचवतो. अर्जासोबत हमीपत्र देण्याची तयारी लेखी कळवावी, कारण "नंतर कमी पडले तर काय" हीच एक्झिक्युटरची सर्वात टिकणारी सबब असते.